बाजूला सरकलेल्या गुंड्या

बारकीला घरात चालताना कुणी पाहिलेलं नव्हतं. ती एक तर धावायची, नाहीतर बसून गिटार वाजवायची. त्या बुधवारीही ती जिना धावतच चढून आली, गिटारची पेटी दाराला टेकवली आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, मी टिकटिकते."

शिलाई मशीनवर वाकलेल्या ताईनं मान वर केली नाही. "घड्याळ गिळलंस का?"

"थट्टा नको गं. त्या साउंडवाल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं."

मग ती घटाघटा पाणी प्यायली आणि पहिल्यापासून सांगायला बसली. रविवारी संध्याकाळी शहरातल्या मोठ्या सभागृहात तिच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. आजवर बारकी मागच्या रांगेत बसून साथ करायची. प्रेक्षकांना तिचं फार तर कपाळ दिसायचं. या वेळी पहिल्यांदाच गिटार पुढे होती आणि व्हायोलिनं, चेलो वगैरे मंडळी मागे. शिवाय कार्यक्रम रेडिओवरून थेट जाणार होता. त्यामुळे आज माइक लावून तालीम होती. साउंडवाला कानाला हेडफोन लावून बसलेला. हळू आवाजाचा भाग आला की तो हात वर करायचा, सगळं थांबवायचा आणि म्हणायचा, "आत कुठेतरी किडा आहे." त्यानं माइक बदलला, वायर बदलली, खुर्ची बदलली. चेलोवाल्या बिचाऱ्याचं मनगटी घड्याळ काढून घेतलं. किडा काही हलेना. शेवटी तो स्टेजवर येऊन बारकीसमोर उकिडवा बसला आणि तिला नुसता श्वास घ्यायला सांगितला. टिक. सोडायला सांगितला. टिक. तिच्या शर्टाची बटणं गिटारच्या पाठीवर आपटत होती.

"मग उपाय काय म्हणाला?" ताईनं मशीन थांबवलं.

"टी-शर्ट घाला म्हणाला. नाहीतर मध्ये टॉवेल धरा. सगळे पांढऱ्या शर्टात आणि मी सगळ्यांत पुढे पोटाशी टॉवेल धरून. अंघोळीला निघाल्यासारखी."

"धरून तरी पाहिलास का?"

"पाहिला. निम्मा आवाज त्यानंच खाल्ला. आणि घसरला तो वेगळाच."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले अण्णा इतका वेळ गप्प होते. अण्णा म्हणजे दोघींचे वडील. त्यांनी जन्मभर शर्ट बेतले होते. डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं तेव्हा कात्री ताईच्या हातात दिली, पण बोलणं काही दिलं नव्हतं. दाराच्या मागे खिळ्याला खाकी कागदाचे तुकडे टांगलेले असत: शर्टाचे पुढचे दोन भाग, पाठ, बाही, कॉलर. अण्णांनी तरुणपणी आखलेला हा नमुना. कडा झिजल्या की ताई चिकटपट्टी लावायची, पण रेघ बदलायची नाही. लहान अंग असो की मोठं, याच कागदांवरून कमीजास्त करून ती शर्ट कापायची.

"मग बटणंच नकोत," बारकी म्हणाली. "डोक्यातून घालीन."

"कॉलरमधून तुझं डोकं आत जाईल," अण्णा म्हणाले, "पण बाहेर यायला नको का? तशीच बसशील वाजवत."

"अण्णा," ताईनं विचारलं, "बटणं पुढे मधोमधच का असतात?"

"असतात म्हणून असतात. बटण बाजूला आलं की त्याला शर्ट म्हणत नाहीत. उशीचा अभ्रा म्हणतात."

बारकी हसली, पण ताई हसली नाही. ती उठली आणि दारामागचे कागद तिनं खिळ्यावरून उतरवले. पुढचा भाग हातात धरून उजेडाकडे नेला. इतकी वर्षं या कागदाच्या कडेकडेनं तिची कात्री फिरली होती. कागदाच्या मधून रेघ जाऊ शकते हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं, आणि तिच्या हातांना सुरसुरी सुटली.

"बारके, काळा टी-शर्ट घाल आणि गिटार काढ."

ताईनं जुन्या मलमलीचा तुकडा गिटारच्या पाठीवर ताणून बांधला आणि कापडावर खुणा करायचा खडू किसून त्याची पूड त्यावर सगळीकडे चोळली. बारकीला स्टुलावर बसवलं. "रविवारी वाजवशील तशीच वाजव. डुलायचं तितकं डुल. आव आणू नकोस."

बारकीनं पूर्ण रचना वाजवली. सुरुवातीला तिला हसू येत होतं, मग ती विसरली आणि नेहमीसारखी पुढे झुकून, डोळे मिटून वाजवू लागली. संपल्यावर ताईनं गिटार अलगद उचलली. काळ्या टी-शर्टावर पांढरा डाग उमटला होता. छातीच्या मध्यापासून उजवीकडे, खाली पोटापर्यंत, कडा वेड्यावाकड्या. आणि डाव्या बाजूला, गळ्यापासून खाली काखेच्या अलीकडून जाणारा एक लांब पट्टा कोराच्या कोरा काळा.

"अगं बाई," ताई पुटपुटली. "इथे लाकूड लागतच नाही."

"कुठे?" अण्णा खुर्चीतून उठले होते. ताईनं त्यांचं बोट धरून बारकीच्या खांद्याजवळून खाली त्या पट्ट्यावरून नेलं. बारकी गुदगुल्या सहन करत उभी राहिली.

"इथून इथपर्यंत काही नाही?"

"काहीच नाही. गिटारची मान तिथून सुरू होते ना, म्हणून."

अण्णांनी बोट पुन्हा वरपासून खाली नेलं. मग म्हणाले, "सरळ नाही जात हा पट्टा. वळतो. वळणावर काजपट्टी बसायची नाही. दुहेरी कापड, त्यात आत कडक अस्तर, ते वाकणार कसं? फुगवटा येईल. तिथे काज नको. लूप लाव."

"म्हणजे ते कापडाचे वेढे?"

"कडेतून बाहेर आलेले. त्यात गुंडी अडकते. लुपाला वळणाचं काही वाटत नाही, जिथे लावशील तिथे बसतो." आणि मग, जणू आपण काही बोललोच नाही अशा आवाजात, "मी आपलं सांगितलं. करायचं तर करा."

टेबलावरची दुरुस्तीची कामं खाटेवर गेली आणि नवा कागद पसरला. ताईनं शर्टाचे पुढचे दोन्ही भाग शेजारी मांडून मध्यरेषेवर मध्यरेषा येईल इतके एकमेकांवर सरकवले आणि त्यांचा मिळून एक सलग पुढचा भाग काढला. कागदावर बटणपट्टी नसलेला शर्ट उघडाबोडका दिसत होता. मग ताईनं टी-शर्टावरचा काळा पट्टा मापून घेतला आणि गळ्याच्या डाव्या बाजूपासून सुरू होणारी, छातीवर जरा बाहेर वळणारी आणि मग सरळ खाली उतरणारी रेघ एका दमात ओढली. पेन्सिल उचलली तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. खोडरबर हाताशी होतं, लागलंच नाही.

"कशी आहे?" अण्णांनी विचारलं.

"नदीसारखी," बारकी म्हणाली.

"नदीचं सोड. खांद्यापासून किती लांब आहे?"

ताईनं सांगितलं. अण्णांनी हवेतच बोटानं ती रेघ ओढून पाहिली आणि मान डोलावली. कात्री चालली. पुढच्या भागाचे दोन तुकडे झाले, एक मोठा आणि एक काखेकडचा अरुंद. बारकीनं त्यांची नावं ठेवली, दादा आणि छोटू.

गुरुवारी जुन्या चादरीतून कच्चा शर्ट तयार झाला. ताईनं तो बारकीच्या अंगावर चढवला आणि तिचा स्वतःचाच चेहरा पडला. दादा आणि छोटू एकमेकांना भेटेनात. डाव्या बाजूला गळ्यापासून खालपर्यंत अंगठाभर फट, आणि फटीतून बारकीची बनियन.

"हवेशीर आहे," बारकी म्हणाली.

"गप्प बस." ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या. "रेघ चुकली. सगळं पहिल्यापासून करावं लागणार."

"रेघ नाही चुकली," अण्णा म्हणाले. ते जवळ आले होते आणि दोन्ही कडांवरून अंगठे फिरवत होते. "कागद कापलास तो रेघेवर. नंतर शिवणीसाठी जागा वाढवलीस का?"

ताईनं कड उलटून शिवण पाहिली.

"नाही वाढवलीस. म्हणजे दोन्हीकडचं थोडंथोडं कापड शिवणीत गेलं. आता सांग, गुंड्या कुठे लावणार? कडेवर? ओढल्या की फट पडणारच. खाली आधाराला कापड नको?"

ताईनं कपाळावर हात मारून घेतला. इतके शर्ट शिवले, पण नमुन्यात ही जागा आधीच धरलेली असायची. तिला ती कधी विचारात घ्यावीच लागली नव्हती. ती चिडायला हवी होती. उलट तिला तरतरी आली. चूक सापडली होती, आणि सापडलेली चूक म्हणजे निम्मं काम.

"छोटूला आतून पंख देते," ती भराभर बोलू लागली. "तीन बोटं रुंद. तो दादाच्या खाली सरकेल, म्हणजे फट राहणार नाही. आणि लूप दादाच्या कडेला, गुंड्या छोटूवर. उलटं केलं तर गुंड्या गिटारकडे येतील. असं केलं तर आणखी लांब जातात. बरोबर ना, अण्णा?"

"तू मला काय विचारतेस? माझा शर्ट मध्ये उघडतो," अण्णा म्हणाले, पण त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या होत्या.

त्या दुपारी टेबलाभोवती तिघांनाही जागा पुरेना. लुपांसाठी कापड तिरकं कापायचं, कारण तिरकं कापड ताणतं आणि वळतं. त्याची बोटाहून बारीक नळी शिवायची आणि मग ती आतून बाहेर उलटायची. बारकीनं दोन नळ्या उलटायला घेतल्या. दोन्ही निम्म्यावर अडकल्या. "या सापाला कातच टाकता येत नाही," ती कुरकुरली. अण्णांनी तिच्या हातातून नळी काढून घेतली. जाड सुईत दोरा ओवून मागितला, दोऱ्याचं टोक नळीच्या तोंडाला टाचायला लावलं, सुई उलटी धरून नेढ्याच्या टोकानं नळीत घातली आणि हलक्या हातानं ओढली. नळी गपकन उलटी होऊन बाहेर आली, गुळगुळीत, गोल. तिला पाहायची गरजच नव्हती त्यांना. एकामागून एक नळ्या त्यांच्या बोटांतून उलटून टेबलावर पडत गेल्या आणि बारकी मोठमोठ्यानं मोजत राहिली, जसं कुणी मैदानात धावा मोजावं.

"आणि गुंड्या?" ताईनं विचारलं. "बाजारातून आणू?"

"गुंडी म्हणजे काय? एक गाठ," अण्णा म्हणाले. उरलेल्या नळीचा एक वेढा, त्यातून दुसरा, त्यात तिसरा, मग चहूबाजूंनी आवळलं आणि त्यांच्या तळहातावर बोरासारखी टणक, कापडाची गोल गाठ उभी राहिली. बारकीनं ती टेबलावर आपटून पाहिली. आवाज आला नाही. तिनं ती खिडकीच्या काचेवर आपटली, मशीनच्या लोखंडावर आपटली, अण्णांच्या चष्म्यावर आपटायला निघाली तेव्हा ताईनं काढून घेतली.

शुक्रवारी पांढरं कापड कापलं गेलं आणि शनिवारी दुपारी शर्ट अंगावर चढला. फट नव्हती. डाव्या बाजूला गळ्यापासून खाली गुंड्यांची ओळ वळत गेली होती आणि समोरचा भाग कोऱ्या कागदासारखा सपाट होता. बारकीनं आरशात पाहिलं आणि काही बोलली नाही. बारकी गप्प बसणं घरात इतकं दुर्मीळ होतं की अण्णांनी विचारलं, "कुठे गेली ती?"

"इथेच आहे. बघतेय." मग तिनं गिटार घेतली. रचनेच्या पहिल्या पानावर सगळं ठीक. दुसऱ्या पानावर ती नेहमीसारखी पुढे झुकली आणि छातीजवळची गुंडी निसटली. मग तिच्या खालची.

"हूं," अण्णा म्हणाले. "लूप सैल आहेत. ताई, तू लावताना गुंडी सहज जाते का बघितलंस, हो ना?"

"मग? सहज जायला नको?"

"सहज गेली की सहज येते. जाताना थोडी कुरकुर केली पाहिजे."

ताईनं सगळे लूप उसवले. प्रत्येक लूप गुंडीभोवती गुंडाळून नव्यानं मापला, आखडला, पुन्हा कडेत बसवला. बारकीनं चहा केला, तो निवला, पुन्हा तापवला. दिवेलागणीला ती त्याच शर्टात उठाबशा काढत होती, वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती आणि खाटेवर कोलांटी मारायच्या बेतात होती. एकही गुंडी सुटली नाही.

रविवारी सभागृहाच्या मागच्या खोलीत वादक वाद्यं जुळवत होते. अण्णांना प्रेक्षकांत बसवून ताई आत आली तेव्हा बारकी आरशासमोर उभी होती आणि तिचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला होता.

"काय झालं?"

बारकीनं मूठ उघडली. मुठीत एक लूप होता. गळ्याजवळचा, सगळ्यांत वरचा. "हात थंड पडले होते. गुंडी घट्ट लागली म्हणून लूप जोरात ओढला."

गळ्याची कड उघडी पडून लोंबत होती. दारातून आयोजक डोकावला. "गिटार, चला. बाकीचे जाऊन बसताहेत."

"आली," ताई म्हणाली आणि पिशवीत हात घातला. सुई नेहमीसारखी पिशवीच्या अस्तराला टोचलेली होती, दोरा ओवलेला. "मान वर. बोलू नकोस. श्वाससुद्धा हळू."

कडेची दोन कापडं उकलून लूप आत सरकवायचा, आणि तोही आखडलेल्या मापानं. बाहेर व्हायोलिनं सूर मिळवत होती. ताईनं पहिला टाका घेतला, तो लुपाच्या बाजूनं निसटला. तिनं सुई क्षणभर थांबवली, बारकीच्या गळ्यावरची नस उडताना पाहिली आणि तिला एकदम शांत वाटलं. यापेक्षा अवघड तर तिनं या आठवड्यात केलं होतं. टाके भराभर पडत गेले, एकावर एक, गच्च. आयोजक पुन्हा डोकावला आणि या वेळी आत येऊन उभाच राहिला. ताईनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला, गुंडी अडकवली. गुंडीनं कुरकुर केली आणि बसली.

"पळ," ती म्हणाली, आणि बारकी खरोखरच पळाली. स्टेजच्या पायरीपर्यंत तिच्या बुटांचा आवाज आला.

ताई धावत प्रेक्षकांत अण्णांकडे आली तेव्हा दिवे मंदावले होते. अण्णांनी मुद्दामच शेवटची रांग घेतली होती, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारची. तो हेडफोन लावून खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्याचे डोळे स्टेजवरच्या पांढऱ्या शर्टावर होते.

सुरुवात जोरात झाली. व्हायोलिनांच्या गदारोळात गिटार वर येत होती, बुडत होती, पुन्हा वर येत होती. ताईला ऐकूच येत नव्हतं. ती गुंड्या पाहत होती. मग सगळी वाद्यं एकेक करून थांबली आणि बारकी एकटी उरली. हळू आवाजाचा भाग. एक स्वर, त्याच्यानंतर इतकी शांतता की पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी खुर्चीची कुरकुर मागे ऐकू आली. बारकी झुकली. साउंडवाल्याचा हात वर गेला.

ताई अर्धी उठली. पण तो हात समोरच्या यंत्रावरच्या बटणाकडे गेला आणि त्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. सभागृहात गिटारची तार सुटल्यावरची बारीक घरघर ऐकू आली, बोट तारेवरून सरकल्याचा आवाज आला. आणि मध्येच एक मऊ फुंकर.

अण्णांनी ताईचं मनगट पकडलं. "ती श्वास घेतेय," ते तिच्या कानात म्हणाले. "ऐकू येतोय. नुसता श्वास."

साउंडवाल्यानं एका कानावरचा हेडफोन खाली केला, दोघांकडे वळून पाहिलं, आणि पुन्हा कान झाकून डोळे मिटून घेतले. किड्याची वाट पाहणं त्यानं सोडून दिलं होतं. तेव्हा कुठे ताईनं गुंड्यांवरून नजर काढली आणि बहिणीचं वाजवणं ऐकायला लागली. तिला वाटलं होतं तिला ते पाठ आहे. नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा अण्णा सगळ्यांत आधी उठले आणि कुठल्या दिशेला स्टेज आहे हे ठाऊक नसल्यासारखे चहूकडे वळून टाळ्या वाजवत राहिले. बारकी वाकून नमस्कार करत होती, पुन्हा पुन्हा, जरुरीपेक्षा जास्त खाली. गुंड्या जागच्या जागी होत्या.

सोमवारी सकाळी जिन्यात काहीतरी अडकल्याचा आणि कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणत असल्याचा आवाज आला. ताईनं दार उघडलं. चेलोवाला होता, घामाघूम, माणसाएवढी पेटी मिठीत घेऊन. तिच्यामागून बारकीचं हसणारं डोकं.

"यांनाही हवाय," ती म्हणाली. "यांचीही बटणं वाजतात. वीस वर्षं वाजताहेत आणि यांना वाटायचं चेलो जुना झाला."

"तुमचा कुठे टेकतो?" ताईनं विचारलं. मशीनवरचं अर्धवट काम तिनं न बघताच बाजूला सारलं.

"इथे," त्यानं छातीच्या हाडावर हात ठेवला. "आणि गुडघ्यांत. आणि मानेजवळ, डावीकडे."

"डावी बाजूही गेली," ताई म्हणाली.

"मग उजवीकडून," खुर्चीतून अण्णा म्हणाले. "नाहीतर पाठीला लावू."

"पाठीला? आणि मला लावून देणार कोण?"

"लग्न झालंय का?"

"नाही."

"मग आधी उजवीकडे बघू," अण्णा म्हणाले आणि ताईकडे हात पुढे केला, तिनं कागद द्यावा म्हणून.